निबंध सुधारायचा तर आधी क्रियापद सापडले पाहिजे

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईने विचारले आहे: “माझी मुलगी नववीत, सेमी-इंग्रजीत आहे. बोलते छान, तिच्याकडे सांगण्यासारखेही खूप असते. पण निबंधाच्या वहीत दर वेळी ‘वाक्यरचना सुधारा’ आणि ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्या’ हेच दोन शेरे. व्याकरणाच्या व्याख्या पाठ करून घेतल्या, रोज एक पान शुद्धलेखन लिहून घेतले, तरी फरक नाही. तिच्या निबंधातला एक उतारा पाठवते आहे. सुरुवात कुठून करू? क्लास लावावा का?”

उतारा असा आहे:

“पावसाळ्यात जेव्हा खडकवासला धरणातून पाणी सोडण्यात येते त्यामुळे मुठा नदीला पुर येतो आणि भिडे पुल पाण्याखाली गेल्यामुळे लोक तो बघण्या साठी गर्दी करतात, ज्यामध्ये मी व माझ्या बाबांनी सुद्धा गेलो होतो आणि तिथे आम्ही पाण्याचा प्रवाह खूप वेगाने वाहताना पाहिली व मला भिती वाटली.”

माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि हा उतारा वाचून मला मनापासून आनंद झाला. पावसाळ्याच्या निबंधात बहुतेक वह्यांमधून धरतीने हिरवा शालू नेसलेला असतो आणि मोर थुईथुई नाचत असतो. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या निबंधांच्या पुस्तकांतून ती वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहेत. तुमच्या मुलीने मात्र स्वतः पाहिलेला पूल लिहिला आहे. ही तिची खरी शिल्लक आहे. सुधारणा करताना ती खर्ची पडणार नाही, एवढी काळजी आधी घ्या.

आता दोष. शुद्धलेखनाच्या चुका डोळ्यांना चटकन दिसतात, म्हणून आपण तिथून सुरुवात करतो. मी सांगेन, त्या सगळ्यांत शेवटी. आधी तिच्या हातात पेन्सिल द्या आणि या उताऱ्यातली क्रियापदे अधोरेखित करायला सांगा. सोडण्यात येते, येतो, करतात, गेलो होतो, पाहिली, वाटली. एका वाक्यात सहा पूर्ण क्रियापदे आहेत. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. तिथे पोहोचेपर्यंत लिहिणाऱ्याला कर्ता कोण, कर्म काय, त्या कर्माचे लिंग कोणते, काळ कोणता, हे सगळे मनात धरून ठेवावे लागते. वाक्य एका ओळीचे असेल तर नववीतली मुलगी ते सहज धरते. तीन ओळींचे झाले की काहीतरी सुटते. तिला व्याकरण येत नाही असे मी मुळीच म्हणणार नाही. “मी प्रवाह पाहिली” असे ती बोलताना कधी म्हणेल का? नाही म्हणणार. ‘प्रवाह’ आणि ‘पाहिला’ यांच्यामध्ये इतके शब्द शिरले की दोघांची ताटातूट झाली. ‘वाक्यरचना सुधारा’ या शेऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की क्रियापदाचे कर्त्याशी किंवा कर्माशी नाते तुटले आहे.

म्हणून पहिला उपाय: प्रत्येक क्रियापदाला ‘कोण?’ आणि ‘काय?’ असे दोन प्रश्न विचारायचे. सोडले. कोणी? काय? पाणी. गेलो. कोण? बाबा आणि मी. पाहिला. काय? प्रवाह. उत्तर मिळाले की तेवढेच एक वाक्य लिहायचे आणि पूर्णविराम द्यायचा. छोटी वाक्ये बाळबोध दिसतात अशी भीती मुलांना आणि पालकांनाही वाटते. पण आधी तुटक का होईना, बरोबर वाक्ये होऊ देत. त्यांतली दोन जोडायची की नाही, हे नंतर ठरवता येते.

या उताऱ्यात एक चूक अशी आहे की ती शिकवूनच जाते. “मी व माझ्या बाबांनी गेलो होतो.” ‘ने’ किंवा ‘नी’ हा प्रत्यय कर्त्याला कधी लागतो? क्रिया पूर्ण झाली असेल आणि क्रियापद सकर्मक, म्हणजे कर्म घेणारे, असेल तेव्हा. बाबांनी पूर पाहिला, बाबांनी छत्री उघडली, बाबांनी दार लावले. इथे क्रियापद बाबांकडे बघतच नाही. ते पूर, छत्री, दार यांच्याकडे बघते आणि त्यांच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते. यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात. ‘जाणे’ अकर्मक आहे, म्हणून बाबा गेले. बाबांनी गेले असे होत नाही. मग मुलगी चुकली कुठे? ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांना ‘ने’ लागलेला दिसत नाही. “मी गेलो” आणि “मी पूर पाहिला” या दोन्हींत ‘मी’ जसाच्या तसा. त्यामुळे ‘मी’च्या जोडीला बाबा आले की प्रत्यय लावायचा की नाही, हे कानाला कळत नाही. अशा वेळी ‘मी’ काढून टाका आणि फक्त बाबांचे वाक्य म्हणून पाहा. बाबा गेले. म्हणजे बाबा आणि मी गेलो. बाबांनी पूर पाहिला. म्हणजे बाबांनी आणि मी पूर पाहिला. ही कसोटी दहावीपर्यंतच नाही, पुढे कार्यालयात अर्ज लिहितानाही उपयोगी पडते.

तिथेच शेजारी ‘म्हणणे’, ‘बोलणे’, ‘शिकणे’, ‘विसरणे’ ही क्रियापदे शिकवून टाका. यांना कर्म असले तरी भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागत नाही. तो म्हणाला, ती बोलली, मी कविता शिकले, दादा डबा विसरला. “त्याने बोलला” हे वाक्य हल्ली वह्यांत सर्रास येते. त्यात हिंदीचा कान आहे. “माझी मदत कर”, “मला बक्षीस भेटले” ही वाक्येही त्याच वाटेने आलेली. मराठीत मला मदत करतात, आणि बक्षीस मिळते, मैत्रीण भेटते. हे रागावून सांगू नका. पुण्यातल्या वर्गात हिंदी, इंग्रजी आणि चार जिल्ह्यांची मराठी एकाच बाकावर बसते. तिथे कान मिसळणारच.

दुसरा मोठा दोष जोडशब्दांचा. ‘जेव्हा’ने सुरू झालेले वाक्य ‘त्यामुळे’वर जाऊन पोहोचले आहे. जेव्हाला तेव्हा हवे, जरला तर, जरीला तरी, जोला तो, जितकेला तितके. मी वर्गात सांगते, वाक्यात ‘ज’ दिसला की त्याचा ‘त’ शोधा, तो सापडत नसेल तर दोन्ही काढा. अनेकदा काढणेच उत्तम असते. “जेव्हा पाणी सोडतात तेव्हा पूर येतो” यापेक्षा “पाणी सोडले की पूर येतो” हे आपल्या बोलण्याच्या जवळ आहे. आणि “ज्यामध्ये मी गेलो होतो” हे वाक्य तर इंग्रजी पुस्तकातून उठून आलेले आहे. सेमी-इंग्रजीच्या मुलांत हा प्रकार विशेष दिसतो: “माझे आजोबा, जे शेतकरी होते, ते…” मराठीला अशा जागी वळसा घ्यावा लागत नाही, कारण आपल्याकडे विशेषणासारखी वापरता येणारी क्रियापदाची रूपे आहेत. शेती करणारे माझे आजोबा. मी पाहिलेला पूर. वाहून आलेले झाड. पाण्याखाली गेलेला पूल. ही रूपे मुलीला पंधरा-वीस वाक्यांत वापरायला लावा, तिचे अर्धे ‘जे-ज्या-ज्यामध्ये’ गळून पडतील.

तिसरे, काळ. उतारा “पाणी सोडण्यात येते” अशा नेहमीच्या गोष्टीने सुरू होतो आणि एका विशिष्ट दिवशी संपतो. दर पावसाळ्यात काय होते हे सांगायचे आहे, की आपण त्या दिवशी काय पाहिले ते? प्रसंगलेखन असेल तर दुसरे. हे ठरले की पहिली अर्धी ओळ आपोआप बदलते.

आणि मग शेवटचे वाक्य: “मला भिती वाटली.” इथे लेखणी बाजूला ठेवा आणि तिला विचारा, “तुला काय दिसलं, म्हणून भीती वाटली?” माझ्या अनुभवात या प्रश्नाला मुले लगेच उत्तर देतात. एखादी म्हणते झाड वाहत गेलं, एखादी म्हणते बाबांचा आवाजच ऐकू येईना. जे उत्तर येईल ते लिहायचे. तुम्ही सुचवलेले नको, तिचे हवे. समजा ती म्हणाली की एक अख्खे झाड वाहत गेले. मग उतारा असा होऊ शकतो:

“गेल्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडले आणि भिडे पूल पाण्याखाली गेला. बाबा आणि मी पूर बघायला डेक्कनच्या बाजूने गेलो. लोकांची गर्दी होती. आम्ही लांबच उभे राहिलो. पाणी मातकट होते आणि वेगाने चालले होते. एवढ्यात एक अख्खे झाड मुळांसकट वाहत आले आणि पुढे गेले. मी बाबांचा हात घट्ट धरला.”

यात एकही अवघड शब्द नाही, अलंकार नाही. शब्दसंख्याही फार वाढलेली नाही. आशय तिचाच आहे, फक्त प्रत्येक क्रियापदाला आपला माणूस सापडला आहे. ‘भीती’ हा शब्द गेला आणि भीती मात्र आली.

स्पष्टतेसाठी आणखी एक गोष्ट शिकवण्यासारखी आहे आणि शाळेत ती फारशी शिकवली जात नाही. मराठीत शब्दांची जागा हलवता येते, पण अर्थाचा जोर बहुधा क्रियापदाच्या अगदी आधीच्या जागेवर पडतो. “बाबांनी दार उघडले” यात काय उघडले हे कळते. “दार बाबांनी उघडले” म्हटले की आईने नाही, बाबांनीच, असा भाव येतो. “मी काल सिंहगडावर गेले” आणि “सिंहगडावर मी काल गेले” यांतही हाच फरक. मुलांना दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणायला लावली की त्यांना तो लगेच ऐकू येतो. निबंधात नवी किंवा महत्त्वाची गोष्ट क्रियापदाजवळ नेली आणि आधी सांगून झालेली गोष्ट वाक्याच्या सुरुवातीला ठेवली, तर एक वाक्य दुसऱ्याचा हात धरून चालते. “आम्ही लांबच उभे राहिलो” यात ‘लांबच’ची जागा मुद्दाम निवडलेली आहे.

‘सोडण्यात येते’बद्दलही बोलायला हवे. “आयोजन करण्यात आले होते”, “मार्गदर्शन करण्यात आले”, “च्या माध्यमातून”, “द्वारे” ही भाषा मुले बातम्यांतून आणि शाळेच्या सूचनांतून उचलतात, कारण ती मोठ्यांची वाटते. तिच्यात करणारा माणूस दिसत नाही. “स्नेहसंमेलनाचे आयोजन करण्यात आले होते” याऐवजी “शाळेने स्नेहसंमेलन भरवले” किंवा “आम्ही नववीच्या मुलींनी स्नेहसंमेलनाची तयारी केली.” दुसऱ्या वाक्यात तर लिहिणारी स्वतःच आली. बातमीलेखनात किंवा औपचारिक पत्रात ‘करण्यात आले’ एखाद्या ठिकाणी चालेल. निबंधात मी ते खोडतेच.

आता शुद्धलेखन. आज आपण पाळतो ते नियम मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ साली चौदा नियम शासनमान्य झाले, १९७२ मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. घरात कुणी वयस्कर आजोबा ‘नांव’, ‘कांही’, ‘पांच’ असे लिहीत असतील तर ते चुकत नाहीत, ते त्याआधीच्या पद्धतीने शिकले आहेत. मुलीने मात्र ‘नाव’, ‘काही’, ‘पाच’ लिहायचे. अठरा नियम पाठ करून घेऊ नका. शाळकरी निबंधातल्या चुका पुन्हा पुन्हा त्याच तीन-चार जागी होतात.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर. शब्द अकारान्त असेल, म्हणजे त्याच्या शेवटी ‘अ’ असेल, तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ: पूल, पूर, फूल, बहीण, वकील, गरीब. त्याला प्रत्यय लागून रूप बदलले की तो ऱ्हस्व होतो: पुलावर, पुराचे, फुलाला, बहिणीने, वकिलांना, गरिबांसाठी. तिच्या उताऱ्यातले ‘पुर’ आणि ‘पुल’ याच एका नियमाने सुधारतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाबाहेर आहेत. गुण, विष, मंदिर हे ऱ्हस्वच राहतात, आणि शरीर-शरीरात, परीक्षा-परीक्षेत हे दीर्घच. ‘भीती’ही त्याच घरातला: शेवट दीर्घ असला की मराठी शब्दांत आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो, जसे किडा, विळी, सुरू. पण भीती, नीती, कीर्ती यांना ते लागू नाही. हे असले शब्द लक्षातच ठेवावे लागतात. त्यांची एक यादी वहीच्या शेवटच्या पानावर करावी आणि चूक होईल तसा एकेक शब्द तिच्यात वाढवावा. छापील यादीपेक्षा स्वतःच्या चुकांची यादी कितीतरी जास्त शिकवते.

दुसरी जागा अनुस्वाराची. झाडावर म्हणजे एका झाडावर, झाडांवर म्हणजे अनेक. मुलाला, मुलांना. आदराने बोलतो तेव्हाही अनेकवचन असते, म्हणून बाबांनी, बाईंना, मुख्याध्यापकांचे. “एक की अनेक?” एवढे विचारले की पुरे.

तिसरी, शब्दयोगी अव्यये जोडून लिहिणे. बघण्यासाठी, बाबांनीसुद्धा, शाळेमध्ये, झाडाखाली. फोनवर लिहिताना ती सुटी पडतात आणि मग वहीतही सुटीच येतात. फोनचा कळफलक सुचवतो तो शब्द शुद्ध असतोच असे नाही, हेही तिला एकदा दाखवून द्या.

चौथी, ‘केलं’ की ‘केले’. निवेदनात ‘केले, गेले, सांगितले’ ठेवावे. संवादात माणूस बोलतो तसे लिहायला नियमांनीच मोकळीक दिली आहे: “आई म्हणाली, ‘किती भिजलीस गं, डोकं पूस आधी.’” अडचण होते ती एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळल्यावर. तुमच्या घरची बोली पुण्याच्या पुस्तकी भाषेहून वेगळी असेल, साताऱ्याची, लातूरची, अमरावतीची असेल, तर ती लपवायला शिकवू नका. प्रमाणभाषा निवेदनासाठी शिकायची, आणि आजीचे बोलणे आजीच्याच शब्दांत अवतरणचिन्हांत घालायचे. अशा एका वाक्याने निबंध जिवंत होतो. घरची भाषा अशुद्ध आहे असे ज्या मुलाला एकदा सांगितले गेले, ते मूल पुढे सांगण्यासारखे काही लिहीतच नाही. हे मी पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

आत्मकथन आणि वैचारिक निबंधाबद्दल थोडे. आत्मकथनात मुले “मी नदी बोलतेय” म्हणून सुरुवात करतात आणि दुसऱ्या परिच्छेदात प्रदूषणावर भाषण देऊ लागतात. ‘मी’ कोण आहे याची माहिती हवी. मुठा असेल तर ती सह्याद्रीत उगम पावते, पुण्यात संगमावर मुळेला मिळते, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा तिचे पाणी पेठांमध्ये शिरले. एवढ्या दोन-तीन खऱ्या गोष्टींवर नदीला स्वतःचे असे बोलता येते. नदी स्त्रीलिंगी, म्हणून ‘मी आले, मी वाहिले’ हे शेवटपर्यंत सांभाळायचे. तिथेही पुन्हा क्रियापदेच तपासायची. वैचारिक निबंधात प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य वाचून पाहा. त्या चार-पाच वाक्यांतून मुद्दा पुढे सरकताना दिसला पाहिजे. “आजच्या विज्ञानयुगात” आणि “मानव हा समाजशील प्राणी आहे” या वाक्यांनी तो सरकत नाही, ती खोडून थेट दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात केली तर बहुतेक निबंध सुधारतात.

घरी तपासायचे कसे? लाल पेनने सगळे दुरुस्त करून देऊ नका. तुम्ही दुरुस्त केलेला निबंध तुमचा होतो, ती फक्त उतरवून काढते. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात एक टिंब द्या. चूक कोणती ते तिने शोधायचे. एका आठवड्यात एकाच प्रकारची टिंबे: पहिला आठवडा फक्त क्रियापदे, दुसरा ज-त च्या जोड्या, मग प्रत्ययाआधीचे ऱ्हस्व-दीर्घ. बाकीच्या चुका दिसल्या तरी त्या आठवड्यात सोडून द्या. आईच्या मनाला हे जड जाते, पण पानभर लाल रंग पाहिलेले मूल एकही चूक धड वाचत नाही. रोजचे पानभर शुद्धलेखन बंद केले तरी चालेल. त्याऐवजी तिने घडलेली एखादी गोष्ट आधी तुम्हाला तोंडी सांगावी, तुम्ही मध्ये न बोलता ऐकावी, आणि मग तिने ती सात-आठ वाक्यांत लिहावी. लिहून झाल्यावर तिने ती मोठ्याने वाचावी. वाचताना जिथे श्वास अडखळतो तिथे वाक्य लांबले आहे, आणि जिथे ती लिहिलेले सोडून वेगळेच वाचते तिथे तिच्या कानाने चूक आधीच दुरुस्त केलेली असते. तिथे थांबवून “काय लिहिलं आहेस ते बघ” एवढेच म्हणा.

फोनवर बोलून मजकूर उतरवून घेणे पहिल्या कच्च्या मसुद्यासाठी चालेल, पण अंतिम लेखन हातानेच व्हावे, कारण परीक्षेत ते हातानेच करायचे आहे. यंत्राकडून पूर्ण निबंध लिहून घेतला तर वही स्वच्छ दिसेल आणि भिडे पुलावरचे झाड मात्र त्यात नसेल.

क्लासबद्दल: जिथे निबंध आयते उतरवून देतात आणि पाठ करून घेतात, तिथे पाठवू नका. मुलांचे लिहिलेले समोर बसून वाचणारे आणि त्यावर बोलणारे कुणी असतील तर जरूर पाठवा. तिच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनाही एकदा भेटा आणि “या महिन्यात आम्ही फक्त क्रियापदांवर काम करतो आहोत, तेवढेच पाहाल का?” असे विचारा. साठ-सत्तर वह्यांच्या गठ्ठ्यात असे नेमके काही मागितले, तर बहुतेक शिक्षक आनंदाने पाहतात.

परीक्षेत निबंध संपल्यावर पाच मिनिटे हातात राहतील असे लिहायला तिला सवय लावा. त्या वेळात शेवटच्या वाक्यापासून उलटे, एकेक वाक्य सुटे वाचत वर जायचे. सरळ वाचले की डोळा अर्थाबरोबर धावतो आणि चूक निसटते. आधी प्रत्येक क्रियापदाला ‘कोण, काय’ विचारायचे, मग अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे. नवे वाक्य त्या पाच मिनिटांत घालायचे नाही.